ताटं किती सांगायची?

ठिकठिकाणांहून आलेले प्राध्यापक-संशोधक, आणि मागच्या रांगेत बसलेले भोसरीचे माझे व्यापारी मित्रहो,

मी गणिती नव्हे. 35 वर्षं बेअरिंग विकतोय. पण या परिषदेचा स्वागताध्यक्ष झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमचं गणित माझ्या दारात आलं. केटरर विचारतोय, शेठ, ताटं किती?

नावनोंदणी 200 जणांची. येणार किती, ते पुण्याचा पाऊस आणि रहदारी जाणे. उरलेलं प्रत्येक ताट म्हणजे 250 रुपये पाण्यात. आणि कमी पडलं तर? पाहुणा उपाशी गेल्याची किंमत कुठल्या वहीत लिहितात? मी 750 धरली. आमच्या स्वागत समितीतल्या एका प्राध्यापकांनी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला: 750 भागिले दोन्हींची बेरीज 1000, म्हणजे पाऊण. चारांत तीनदा पुरेल असा आकडा सांगा, म्हणाले. मी आपला सरासरी काढत बसलो होतो!

याच जातीचा प्रश्न एजवर्थ यांनी 1888 मध्ये बँकेच्या रोकडीबद्दल मांडला होता, हे त्या प्राध्यापकांकडूनच कळलं. पुढे त्याला पेपरवाल्याचं नाव पडलं. उरलेला पेपर रद्दीत जातो, संपला तर गिऱ्हाईक पुढच्या स्टॉलवर.

फोर्ड हॅरिस यांचं 1913 चं वर्गमुळाचं सूत्र मात्र मला जास्त जवळचं. एका खेपेला माल किती घ्यावा, ते सांगणारं. फार दिलदार सूत्र आहे. योग्य आकड्याच्या दुप्पट माल मागवला, तरी मागवण्याचा आणि सांभाळण्याचा मिळून खर्च सव्वापटच होतो. पण त्यात माल सांभाळण्याचा खर्च घालावा लागतो, आणि तिथं आम्ही नापास. गाळ्याचं भाडं आम्ही लिहितो. अडकलेल्या पैशाचं व्याज, गंज, कोपऱ्यात विसरलेला खोका, हे कोण लिहितो? भरलेला रॅक बघून आम्हाला उलट बरकत वाटते.

म्हणून एक विनंती. निबंधवाचनातून वेळ काढून संध्याकाळी आमच्या गाळ्यांवर या. बिलबुकं काढून ठेवली आहेत. तुमच्या समीकरणातलं सांभाळण्याच्या खर्चाचं ते एक अक्षर आमच्या रॅकवर मोजा. आमची लाज काढलीत तरी चालेल.

जेवण दीड वाजता. ताटं 170 सांगितली आहेत. कमी पडलीच, तर समितीची माणसं वडापाव खातील. चहा मोजलेला नाही.