प्रमाणपत्र हाती आले, पुढे काय?



संगणकजाळ्याची पहिली परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणास नोकरी मिळते काय, हा आजचा विषय आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर कित्येक घरांची शिल्लक अवलंबून आहे. क्लासची फी भरण्यासाठी अंगावरचे सोने गहाण टाकणारे आईबाप आपल्या समाजात आहेत. अशा वेळी गोड बोलण्यापेक्षा स्पष्ट बोलणे हेच आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे प्रमाणपत्र म्हणजे काय, ते पाहू. सिस्को या अमेरिकन कंपनीने १९९८ साली सी. सी. एन. ए. ही परीक्षा सुरू केली. २०२० च्या फेब्रुवारीत तिच्या निरनिराळ्या शाखा मोडून एकच परीक्षा करण्यात आली. ती १२० मिनिटांची असते व तिला बसण्यास पदवीची अट नाही. शुल्क ३०० डॉलर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. कॉम्प्टिया या संस्थेची नेटवर्क प्लस ही दुसरी परीक्षा; ती कोणा एका कंपनीच्या यंत्रांशी बांधलेली नाही. दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत मात्र तीनच वर्षांची. विद्यापीठाची पदवी जन्मभराची असते. हे प्रमाणपत्र वाहन चालविण्याच्या परवान्याप्रमाणे मुदतीचे आहे, ही गोष्ट कोणीही विसरू नये.

आता नोकरीचे पाहू. केवळ या प्रमाणपत्राच्या बळावर नवख्या तरुणास ‘नेटवर्क इंजिनिअर’ म्हणून राउटरांची सर्व सूत्रे कोणी सोपवीत नाही. त्याच्यासाठी जी दारे उघडतात, ती मुख्यतः तीन. पहिले, कार्यालयातील मदतकक्षाचे: कोणाचा संगणक जाळ्याशी जोडला जात नाही, कोणाचा प्रिंटर चालत नाही, ते पाहावयाचे. दुसरे, पुणे, नवी मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील जाळे-नियंत्रण कक्षाचे: अहोरात्र पाळ्या, पडद्यावर धोक्याची खूण उमटताच तक्रार नोंदवावयाची, प्राथमिक तपासणी करावयाची व प्रश्न सुटला नाही तर तो वरच्या श्रेणीकडे पाठवावयाचा. तिसरे, प्रत्यक्ष जागेवर जाण्याचे: तारा ओढणे, जोडण्या करणे, बँकेच्या शाखेतील बिघडलेला स्विच बदलणे. यांतील पुष्कळशी कामे कंत्राटी असतात. बसावयाचे एका कंपनीत आणि पगार दुसऱ्याच कंपनीकडून. बेळगाव-निपाणीकडील मुलगा पुण्यास वा बंगळुरास गेला, तर खोलीचे भाडे व खाणावळ वजा जाता हातात काय उरते, याचा हिशेब घरी बसूनच केलेला बरा.

ही पहिली पायरी पूर्वीपेक्षा अरुंद होत आहे, हेही मान्य केले पाहिजे. एके काळी प्रत्येक कचेरीत स्वतःचे सर्व्हर असत व त्यांच्या देखभालीस माणसे लागत. आज ते काम मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडवर गेले आहे. शेकडो शाखांची यंत्रे एका ठिकाणी बसून सांभाळता येतात. खुद्द सिस्कोने २०२० च्या अभ्यासक्रमात १० टक्के भार स्वयंचलन व प्रोग्रॅमिंग यांना दिला, तो उगाच नव्हे. ज्या कामात केवळ ठरलेल्या आज्ञा टंकित करावयाच्या असतात, ते काम यंत्राकडे जाणार. तुटलेली तार मात्र दुरून जोडता येत नाही. शिवाय रुग्णालये, फाउंड्र्या, सहकारी बँका, महाविद्यालये, गोव्यातील हॉटेले या सर्वांना आज जाळे लागते, आणि ते बंद पडले की जवळचा जाणता माणूस लागतो. तेव्हा मागणी संपलेली नाही; ती कागदाकडून हाताकडे सरकली आहे.

मुलाखतीत काय विचारतात, ते ऐका. ‘संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला आहे. काय झाले असेल?’ ज्याने स्वतः जाळे उभारले आहे तो तत्काळ सांगतो की, पत्ते वाटणाऱ्या डी. एच. सी. पी. सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही, म्हणून संगणकाने स्वतःच पत्ता घेतला. आता प्रथम तार व स्विच तपासू. ‘/२६ च्या उपजाळ्यात किती संगणक बसतील?’ पत्ते ६४, वापरावयाचे ६२. फुटलेल्या प्रश्नपत्रिका पाठ करून उत्तीर्ण झालेला उमेदवार येथे पाचव्या मिनिटास उघडा पडतो. शिवाय अशी लबाडी सिद्ध झाल्यास प्रमाणपत्रही रद्द होते.

म्हणून ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या जाहिरातींपुढे पालकांनी चार प्रश्न ठेवावेत. हमी लेखी आहे काय? नोकरी कोणत्या कामाची व किती पगाराची? परीक्षेचे शुल्क फीमध्ये धरले आहे काय? आणि मुलाच्या हाताखाली खरी यंत्रे किती तास राहणार? या प्रश्नांनी ज्याच्या कपाळास आठ्या पडतील, त्याच्या दारातून निमूटपणे परत फिरावे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमचे सांगणे एवढेच. अभ्यासाला फार पैसा लागत नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीकडून ‘पॅकेट ट्रेसर’ हे सरावाचे साधन विनामूल्य मिळते. त्यावर जाळी उभारा, मोडा, पुन्हा उभारा, आणि काय बिघडले व कसे सुधारले याची वही ठेवा. पदवी वा पदविका चालू असेल तर ती या परीक्षेसाठी सोडू नका. पुष्कळ ठिकाणी अर्जाची पहिली चाळणी तिनेच होते. लिनक्सची ओळख व थोडे पायथन यांची जोड द्या. पहिली नोकरी रात्रपाळीची वा तारा ओढण्याची मिळाली तर तिचा कमीपणा मानू नका. परंतु त्याच पायरीवर बसूनही राहू नका. तीन वर्षांच्या मुदतीत वरच्या श्रेणीची परीक्षा दिली तर खालच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरणही होते. ती तीन वर्षे हीच तुमची खरी उमेदवारी होय.

प्रमाणपत्र तुम्हांस मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचवील. खुर्ची मिळेल ती कामाच्या ज्ञानाने, आणि टिकेल ती रोजच्या अभ्यासाने. हे ओळखून जो या वाटेस लागेल, त्याच्या आईबापांनी गहाण टाकलेले सोने सुटेल, असा आमचा विश्वास आहे.