बोईच्या पोटातला चिखल

गगनबावड्याचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. डोंगरधारेच्या अलीकडचा पंचगंगेतून कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागराकडे जातो. पलीकडचा करूळ घाटाखाली उतरून वाघोटणमार्गे विजयदुर्गच्या खाडीत. तेव्हा खाडीच्या माशांवर कोल्हापुरात बोलायला मला काही संकोच वाटत नाही.

खाडीत कोण कोणाला खातं, एवढाच आजचा प्रश्न. शाळेत शिकलेली सरळ अन्नसाखळी इथे चालत नाही, इथे अन्नजाळं असतं. जिताडा घ्या, मालवणकडे ज्याला चोणक म्हणतात तो. त्याचं पिल्लू पाण्यातले बारीक जीव टिपतं, जरा वाढलं की कोळंबीवर येतं आणि मोठं झालं की बोईसारखे मासे गिळतं. वय बदललं की त्याची जाळ्यातली जागाही बदलते. शिवाय हा मासा आधी नर असतो, पुढे मादी होतो. पण तो विषय काढला तर बोई राहून जाईल.

कोण काय खातं हे शोधण्याची जुनी रीत म्हणजे पोट फाडून बघणं. जिताड्याच्या पोटात कोळंबीच्या मिशा, खेकड्याची नांगी सापडते. बोईचं पोट उघडा. कलेजी-पेट्यातला पेटा असतो ना, तसा जाड स्नायूचा गोळा हाताला लागतो. आत वाळू आणि काळपट गाळ. ती वाळू म्हणजे बोईचं जातं. पुढे लांबलचक आतडं. पण त्या गाळातलं अंगी काय लागलं आणि नुसतं बाहेर काय पडलं, हे भिंगाखाली कळत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात विल्यम ओडम आणि एरिक हील्ड यांनी मांडलं की खारफुटीची पानं गळतात, कुजतात, त्यावर जिवाणू-बुरशी वाढते आणि खाडीचं पोट मुख्यतः त्या कुजक्या पाचोळ्यावर भरतं. कल्पना देखणी होती. जगभर ती जवळजवळ गृहीतच धरली गेली.

मग समस्थानिकांची मोजणी आली. नायट्रोजनचे दोन स्थिर प्रकार असतात, १४ आणि १५. शरीर हलका जास्त बाहेर टाकतं, जड मागे उरतो. त्यामुळे खाणाऱ्याच्या मांसात १५चं प्रमाण खाल्लेल्यापेक्षा हजारी सुमारे ३.४ने चढतं आणि मासा कितव्या पायरीवर आहे ते समजतं. कार्बनचा जड प्रकार फारसा चढत नाही, म्हणून तो मूळ अन्नाचा पत्ता देतो. खारफुटीच्या पानाचा कार्बनचा आकडा, ठरावीक प्रमाणाच्या तुलनेत, हजारी उणे २८च्या आसपास असतो, चिखलावर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा त्याहून बराच वरचा. पोट कालचं जेवण सांगतं. मांसाचा तुकडा गेल्या काही महिन्यांचं.

अनेक खाड्यांतल्या माशांचे आकडे पानांशी जुळेनात, शेवाळाशी जुळले. पानात नायट्रोजन कमी, टॅनिन भरपूर. खायला ते निकृष्टच. म्हणून खारफुटी बिनकामाची असा अर्थ कृपा करून काढू नका. तिच्या मुळांत पिल्लं लपतात, तिच्या आडोशाने गाळ थांबतो आणि त्याच गाळावर शेवाळ धरतं. माझं मत विचाराल तर आपण झाडं मोजण्यात हुशार झालो आणि चिखलाला पडीक जागा समजत राहिलो.

हे जाळं तुटलं की काय होतं, ते चिल्कात दिसलं. ओडिशातलं चिल्का हे आपल्या देशातलं सर्वांत मोठं खाजण सरोवर. गाळाने समुद्राकडची वाट बुजली, पाणी गोडं होत गेलं, पाणवनस्पती माजल्या, पिल्लांचं येणं-जाणं अडलं. १९९३ साली रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. सप्टेंबर २०००मध्ये नवं मुख खोदलं. वर्षाला पावणेदोन हजार टनांच्या आसपास उतरलेली मासळी दोन वर्षांत बारा हजार टनांजवळ पोचली आणि २००२मध्ये नाव यादीतून निघालं. समुद्राचं पाणी आत-बाहेर व्हायला लागलं, तसं जाळं पुन्हा विणलं गेलं.

कोण कोणाला खातं हे पेण-अलिबागकडच्या शेतकऱ्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. पावसाळ्यात खाडीतून आलेली जिताड्याची पिल्लं ते घराजवळच्या तळ्यात वाढवतात आणि त्यांच्या पोटासाठी तळ्यात आधी बारीक मासळी आहे ना, ते बघतात.