वाटी एकच हवी

कॉफीचे प्रकार समजावणारं पोस्टर तुम्ही कॅफेच्या भिंतीवर पाहिलंच असेल. ओळीनं मांडलेले कप, प्रत्येक कप उभा चिरून दाखवलेला. तपकिरी पट्टा एस्प्रेसोचा, सायीच्या रंगाचा दुधाचा, वर पांढरा फेस. देखणं काम असतं. पण माझ्या चित्रकार मित्रमैत्रिणींनो, सगळे कप एकाच उंचीचे का काढता? एस्प्रेसो जेमतेम 30 मिलिलिटर, लाटे साधारण 240. चित्रात मात्र दोन्ही सारखेच काठोकाठ! नव्यानं शिकणाऱ्यानं यातून काय समजायचं?

घरी खिचडीचं माप आई कसं सांगते? एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी. वाटी कुठलीही घ्या, पण सगळ्याला तीच. तांदूळ आमटीच्या वाटीनं आणि पाणी गडव्यानं मोजलंत, तर खिचडीची पेज होणार. तुमच्या पोस्टरवर दर कपाला वाटी बदलते.

यावर तोड जुनीच आहे. ऑटो नॉयराथ यांनी 1925 साली व्हिएन्नात एक संग्रहालय उभं केलं, सामान्य माणसाला समाजाची आकडेवारी चित्रांतून कळावी म्हणून. त्यांचा नियम असा की, संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र पुन्हा काढायचं. कॉफीलाही हाच नियम लावा. 30 मिलिलिटरचा एक चौकोन ठरवा. एस्प्रेसोला एकच तपकिरी चौकोन. अमेरिकानोला त्याच्या जोडीला चार निळे, पाण्याचे. कापुचिनोला एक तपकिरी, दोन दुधाचे, दोन फेसाचे. लाटेला एक तपकिरी, सहा दुधाचे, फेसाचा एकच. हे माप ढोबळ आहे, पण काउंटरमागे दुधाचं भांडं हातात धरून उभ्या असलेल्या मुलाला एका नजरेत कळतं की एस्प्रेसो तेवढीच आहे, वाढलंय ते दूध. त्याला वाचायला सवड कुठे असते?

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. रंग सुरेख हवेत, अक्षर सुबक हवं, पण आधी वाटी एक हवी.

आणखी एक. चित्रात पट्टे एकावर एक थांबलेले असतात, कपात मात्र दूध ओतताच एस्प्रेसोत मिसळतं. म्हणून काय आधी ओतायचं, हे बाणांनी दाखवायला हवं. दूध 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवायचं, तेही कुठेतरी... पण वेळ संपत आली. तेव्हा पुढचं पोस्टर काढायला बसाल, तर रंगांची डबी उघडण्याआधी चौकोन आखून घ्या.