आई-बापालाही विचारा



इतक्या वर्षांनी नारायणगडाला सगळे एकत्र जमलोय. खरं तर आजचा दिवस हसण्या-खिदळण्याचा. तरी मला मिळालेल्या पाच मिनिटांत मी एक जड विषय मांडणार आहे.

माझ्या मुलीला सातव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. अडीच वर्षं उपचार चालले. आज ती कॉलेजात आहे, ठणठणीत आहे. पण उपचार संपल्यावरही तिचं अंग जरा कोमट लागलं की माझे हातपाय गार पडायचे. रात्री तीन-तीनदा थर्मामीटर लावायचे. तिच्या बाबांचं उलट. दवाखान्याच्या वासानेच त्यांना घाम फुटे. तपासणीच्या दिवशी हमखास काम निघे. लोक म्हणत, आई भित्री आणि बाप बेफिकीर. दुखणं मात्र दोघांचं एकच होतं.

अमेरिकेत ॲन काझाक आणि सहकाऱ्यांनी कर्करोगातून बऱ्या झालेल्या १५० किशोरवयीन मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. मुलाच्या निदानानंतर कधी ना कधी जवळजवळ ३० टक्के आयांना आघातोत्तर तणावाचा विकार झालेला होता. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बिघाड दुरुस्त झाला, तरी अलार्म वाजतच राहिला.

असा पालक एक तर साध्या सर्दीलाही मोठ्या दवाखान्यात धावतो आणि खर्चात बुडतो. नाहीतर तपासणी टाळतो, आणि आजार उलटला तर उशिरा कळतं. आपल्याकडे त्यात ऊसतोडीची भर. मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं फडावर जातं, तारीख चुकते आणि 'पालक निष्काळजी' असा शिक्का बसतो. आडवी उचल आली की भीती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मला कुणीतरी विचारलं ते उपचार संपून चौथ्या वर्षी. मग आम्ही दोघंही समुपदेशकाकडे गेलो. आता मुलीच्या तपासणीला दोघं सोबत जातो.

आपल्यात कुणी डॉक्टर आहे, कुणी शिक्षक, कुणी आशाताई. आजारी मुलाची चौकशी झाली की आई-बापालाही विचारा, "तुम्हाला झोप लागते का?" महिना उलटूनही झोप नसेल, तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर द्या. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.