जुन्या इंजिनाची नवी बांधणी



पगार, बोनस आणि संप यांवर बोलणारा माणूस आज एकदम विलायती स्पोर्ट्स मोटारीविषयी काय सांगणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. तसली मोटार बाळगण्याची माझी ऐपत नाही, आणि खरे सांगायचे तर हौसही नाही. पण मोटार मालकाची असली तरी इंजिन बांधणारे हात कामगाराचे असतात. आणि जुने इंजिन उघडले म्हणजे त्या हातांचा हिशेब जितका स्वच्छ वाचता येतो, तितका तो कंपनीच्या ताळेबंदात वाचायला मिळत नाही. म्हणून मी एम. जी. बी. या मोटारीच्या इंजिनाचा विषय घेतला आहे.

ही दोन माणसांची, उघड्या टपाची मोटार इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आज तिच्यातल्या शेंडेफळानेही चाळिशी केव्हाच ओलांडली आहे, आणि तरीही हजारो गाड्या रस्त्यावर धावत आहेत. तिचे इंजिन मात्र आपल्याला परके नाही. १९५९ पासून आपल्या अँबॅसडरला जे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन बसू लागले, ते याच घराण्यातले. तेच १४८९ चे इंजिन, दोन कार्ब्युरेटर जोडून, १९५५ सालच्या एम. जी. ए. या स्पोर्ट्स मोटारीत बसवले होते. म्हणजे आपल्या मंत्र्यांना आणि वऱ्हाड्यांना वाहून नेणारे इंजिन आणि विलायती शौकिनांना पळवणारे इंजिन हे सख्खे भाऊ. एकाच्या वाट्याला ओझे आले, दुसऱ्याच्या वाट्याला कौतुक!

या घराण्याचा मूळपुरुष १९४७ च्या ऑस्टिन ए-४० मोटारीतला, १२०० घन सेंटिमीटरचा. त्याच्या पिस्टनची धाव साडेतीन इंच होती. पुढे १४८९, १५८८, १६२२ आणि शेवटी एम. जी. बी. चे १७९८, असे इंजिन वाढत गेले. पण धाव साडेतीन इंचच राहिली. वाढला तो सिलिंडरचा व्यास, सुमारे ६५ मिलिमीटरवरून ८० मिलिमीटरवर. घर तेच ठेवून खोल्या मोठ्या करायच्या तर भिंती पातळ कराव्या लागतात. येथेही तेच झाले. शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती अखेर एकमेकींना जोडून टाकाव्या लागल्या. सुरुवातीला क्रँकशाफ्ट तीन मुख्य बेअरिंगांवर फिरत असे, १९६४ च्या अखेरीस ती पाच करण्यात आली. तेव्हा इंजिन ‘सुधारणे’ हा आजच्या हौशी लोकांचा शोध नव्हे. कारखान्याने स्वतःच ते पंधरा-सतरा वर्षे चालवले होते, आणि ओतीव लोखंडात शिल्लक होती ती बहुतेक जागा वापरून टाकली होती. ही गोष्ट ध्यानात न घेता जो इंजिन उघडतो, तो पैसे तरी घालवतो किंवा ब्लॉक तरी.

आता इंजिन उघडू या. गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते, चढावर दम टाकते, अशी तक्रार असते. मालक म्हणतो, रिंगा बदला. जाणता मिस्त्री हातात पाना घेण्याआधी बोअर गेज घेतो. सिलिंडर झिजतो तो सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन जिथे उलटतो, तिथे ऑइल कमी आणि उष्णता फार. म्हणून वरची रिंग जिथे थांबते तिथे झीज सर्वांत जास्त. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटा देतो, म्हणून गोल सिलिंडर लंबगोल होतो. वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे असे मोजले तरच खरा आकार कळतो. वाकड्या भोकात नवी रिंग घालणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. चार दिवस बरे दिसते.

येथे मला या इंजिनाची सर्वांत आवडणारी गोष्ट येते. कंपनीने मूळ मापाच्या पिस्टनांबरोबर इंचाच्या २०, ३०, ४० हजारांशांनी मोठे पिस्टनही ठेवले होते, आणि क्रँक घासून बारीक केल्यावर बसतील अशी १०, २०, ३०, ४० हजारांश कमी मापाची बेअरिंगेही. बाजारात तर ६० हजारांशांपर्यंतचे पिस्टन मिळतात. म्हणजे इंजिन आखणाऱ्याने कागदावरच मान्य केले होते की हे झिजणार आहे, आणि पुढे कुठेतरी, कोणीतरी कारागीर ते पुन्हा सरळ करणार आहे. त्या अनोळखी कारागिराची जागा आराखड्यात राखून ठेवली होती. आजच्या अनेक इंजिनांत अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरावर पातळसा कठीण मुलामा असतो. त्याला मोठ्या मापाचा पिस्टन मिळतच नाही. खराब झाले की नवे आणा. यात तांत्रिक लाभ आहेत. वजन घटते, घर्षण घटते, हे मी नाकारत नाही. पण त्या आराखड्यातून रिबोअरिंगवाला वगळला गेला, हेही म्हटले पाहिजे.

मालकाला पुष्कळदा वाटते की बोअर वाढवला की ताकद वाढली. हिशेब करून पाहा. ६० हजारांश बोअर केला तर १७९८ चे सुमारे १८६८ होतात. सत्तर घन सेंटिमीटर, म्हणजे शेकडा चारही नाहीत. काही जण १९५० पर्यंत जातात. तेथे भिंतीची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासल्यावाचून हात घालू नये, कारण ओतताना गाभा किंचित सरकला असेल तर एका बाजूची भिंत आधीच पातळ असते.

खरी ताकद हेडमध्ये अडकली आहे. या हेडला हवा आत घेण्याची दारे दोनच, आणि सिलिंडर चार! पहिल्या-दुसऱ्याला एक, तिसऱ्या-चौथ्याला एक. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे एकाच दारावरचे दोघे लागोपाठ येतात. आधीच्याचा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो, तोच शेजाऱ्याचा उघडतो. चाळीत दोन बिऱ्हाडांना एक नळ असला म्हणजे काय होते, ते येथल्या भगिनींना मी सांगायला नको. कंपनीने त्या अडचणीतूनही सुरुवातीला ५४०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती काढली. पुढे अमेरिकेतल्या धुराच्या नियमांपायी १९७५ पासून तिकडच्या गाड्यांना एकच कार्ब्युरेटर आला, आणि आकडा साठ-पासष्टाच्या घरात घसरला.

म्हणून सुधारणा करायचीच तर हेड चांगल्या माणसाकडे द्यावे. आतले मार्ग ओबडधोबड ओतलेले असतात. ते योग्य जागी, योग्य तेवढेच कोरायचे, व्हॉल्व्हच्या गळ्याशी वळण सौम्य करायचे, इनलेट व्हॉल्व्ह थोडे मोठे घालायचे. आरशासारखी चकाकी म्हणजे काम, असे नव्हे. त्याच वेळी एक्झॉस्टला कठीण धातूच्या सीटा बसवाव्यात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि तेच मऊ लोखंडी सीटांचे रक्षण करी. आपल्याकडे आणि इंग्लंडातही ते २००० साली बंद झाले. झाले ते फार चांगले झाले. शिसे मुलांच्या मेंदूत जात होते. त्याची किंमत चार सीटा असेल तर ती स्वस्तच आहे.

ही सगळी कामे करणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द. चकचकीत कार्ब्युरेटर विकत घेताना मालक घासाघीस करत नाही. बोअरिंगच्या मजुरीवर मात्र करतो. दोन-तीन हजारांश इंचाचा फरक जो बोटाने ओळखतो आणि मग गेजने पडताळतो, त्याचे कसब बिलात ‘मजुरी’ या एका शब्दात बसवले जाते. कोपऱ्यावरची बोअरिंगची दुकाने बंद होत आहेत, ती गिऱ्हाईक नाही एवढ्याचमुळे नव्हे. पोरगा वस्तादाच्या हाताखाली चार वर्षे काढेल एवढी मिळकत त्यात उरलेली नाही.

अ‍ॅबिंग्डनचे हेच झाले. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने तिथल्या कारखान्याच्या पन्नास वर्षांचा सोहळा केला, आणि त्याच महिन्यात तो बंद करण्याची घोषणा झाली. सरकारच्या ताब्यातली कंपनी तोट्यात होती, हे खरे. कामगारांच्या बाजूने त्या मोटारींचे मालकही निषेधाला उतरले. गिऱ्हाईक कामगारासाठी रस्त्यावर येते, हे दृश्य आमच्या चळवळीने फारसे पाहिलेले नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. पुढे १९८८ मध्ये जुने साचे हुडकून या मोटारीचे सांगाडे पुन्हा दाबायला सुरुवात झाली. साचे आठ वर्षे पडून राहिले तरी चालले. माणसे पांगली होती, वये झाली होती.

शेवटी इंजिन सुरू करण्याविषयी, कारण पुष्कळ चांगली बांधणी पहिल्या अर्ध्या तासात वाया जाते. हेडच्या नटा ठरलेल्या क्रमाने, थोड्या थोड्या करून, ४५ ते ५० फूट-पौंडांपर्यंत आवळाव्यात. आधी ठिणगी न देता इंजिन फिरवून ऑइलचा दाब येऊ द्यावा. नवा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन सुरू होताच मंद ठेवू नये. वीस मिनिटे दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर चालवावे, म्हणजे कॅम आणि टॅपेट यांना भरपूर ऑइल मिळून त्यांची घडी बसते. ऑइल जस्ताचे प्रमाण बऱ्यापैकी असलेले घ्यावे. आजच्या मोटारींच्या ऑइलमध्ये ते कमी केलेले असते. मग पाचशे मैल गाडी जपून, पण एकाच वेगावर न ठेवता चालवावी. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेड पुन्हा आवळून टॅपेटचे अंतर १५ हजारांश इंच ठेवावे. सभागृहात कोणाकडे जुनी अँबॅसडर असेल तर त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. तिचे अंतर वेगळे असू शकते. गाडीचे पुस्तक पाहून मगच हात लावू.