मखरातला चिमुकला प्लग

भाद्रपद जवळ आला की इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांतून मखराची तयारी सुरू होते. पुठ्ठ्याची देवळे, कापसाचे ढग आणि प्रत्येक खिडकीत एक इवलासा दिवा. आरास उतरवताना मात्र एकमेकींत पिळलेल्या तारा सोडवता सोडवता निम्मी देवळे मोडतात. प्रत्येक देवळाला स्वतंत्र चिमुकला प्लग असला तर हा अनर्थ टळतो. आणि तो घरी करता येतो.

काड्यापेटीच्या निम्म्या आकाराचा सागवानी ठोकळा घ्यावा. त्यात ६ ते ८ मिलिमीटर अंतरावर दोन भोके पाडून पितळेच्या बारीक नळीचे दोन तुकडे बसवावेत. बॉलपेनच्या काही रिफिली पितळी असतात. त्या स्पिरिटने धुतल्या की हे काम उत्तम करतात. नळीत सरकेल अशी पितळी तार ही प्लगची पिन होय. तिला किंचित बाक द्यावा, म्हणजे ती आत घट्ट धरून बसते. भिंतीवरील पाच अँपिअरच्या सॉकेटात हेच अंतर १९ मिलिमीटर असते, त्यामुळे एखाद्या उत्साही मुलाच्या हातूनही हा प्लग तेथे बसत नाही.

बाक देण्याचे विसरणारे पुष्कळ, आणि खरी गोम तेथेच आहे. बारा व्होल्टचा काय शॉक बसणार, असे म्हणतात. ते खरेही आहे. परंतु २४ वॉटचे दिवे २३० व्होल्टवर सुमारे ०.१ अँपिअर प्रवाह घेतात, तर १२ व्होल्टवर २ अँपिअर. जवळजवळ १९ पट! ढिल्या सांध्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तसाच ढिला सांधा येथे साडेतीनशे पटींहून अधिक उष्णता निर्माण करतो, आणि शेजारी कापूस असतो. यासाठी तारा नुसत्या पिळू नयेत, डाख द्यावा. ट्रान्स्फॉर्मरमधून बाहेर पडणाऱ्या तारेत ३ अँपिअरचा फ्यूजही हवाच.

भोकांचा भाग नेहमी ट्रान्स्फॉर्मरच्या बाजूस असावा आणि पिना दिव्यांच्या बाजूस. हे उलट झाले तर प्रवाह असलेल्या उघड्या पिना जरीच्या झालरीला टेकतात. एलईडी लावणाऱ्यांनी एकदिश प्रवाहाचा अडॅप्टर घ्यावा व एक पिन जाड, दुसरी बारीक ठेवावी, म्हणजे धन-ऋण बाजू उलटत नाहीत.

कापूस चिकटविण्यापूर्वी सर्व दिवे अर्धा तास लावून ठेवावेत. मग ते बंद करून प्रत्येक सांध्यास बोट लावून पाहावे. जो ऊन लागेल त्याची पिन काढून पुन्हा वाकवावी.