एका अबोल व्याधीविषयी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



एकवीरेच्या पायऱ्या चढताना, भातलावणीत वाकताना किंवा मावळच्या पावसाळ्यात खोकल्याची उबळ येताच लघवीचे थेंब नकळत गळणे, ही व्याधी आपल्या कित्येक माताभगिनी मुकाट्याने सोसतात. कोणी देवदर्शन सोडते, कोणी लग्नकार्यास जाणे टाळते. पण घरात शब्द काढीत नाही. म्हणूनच हा विषय आम्ही आज उघडपणे मांडीत आहोत.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. पाळी थांबल्यावर दुर्बलता वाढते. मग पोटावर ताण पडताच मूत्रमार्ग पुरता मिटत नाही. यात त्या स्त्रीचा दोष काय?

पहिला उपाय व्यायामाचा. अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या आकुंचनाची पद्धत प्रसिद्ध केली. मूलबंधाची क्रिया तिच्या जवळचीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शास्त्रीय संशोधन जेथे चालविले, त्या लोणावळ्यात हे निराळे सांगावयास नको. जाणत्याकडून शिकून हा व्यायाम किमान तीन महिने नित्य करावा.

एवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन. खाचराच्या बांधाची फट चिखलाने बुजवून पाणी अडवावे, तसे दुर्बिणीतून पाहत मूत्रमार्गाच्या अस्तराखाली द्रव्य टोचतात. तेथे फुगवटे येऊन मार्ग नीट मिटतो. कापावे लागत नाही. बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत काम उरकते. पूर्वी टेफ्लॉन टोचीत. त्याचे कण शरीरात अन्यत्र गेल्याचे आढळले. पुढे कोलॅजेन आले, पण ते शरीरात विरून जाई. आता सिलिकोनचे कण किंवा पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा जेल वापरतात. या जेलला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली.

तथापि उणी बाजूही सांगितली पाहिजे. याचा गुण शस्त्रक्रियेइतका टिकाऊ नसतो. इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागण्याचा संभव असतो. काही दिवस जळजळ होणे, लघवी अडणे किंवा जंतुसंसर्ग होणेही शक्य असते. परंतु जिला शस्त्रक्रिया झेपत नाही किंवा नको आहे, तिला हा मार्ग मोकळा आहे. मात्र एकाएकी घाई होऊन लघवी न थांबणे ही तक्रार निराळी. तिच्यावर हा उपाय नव्हे. म्हणून आधी तपासणी अवश्य करावी.

बंधूंनो, घरातील आई किंवा पत्नी देवीला येण्याचे टाळू लागली, तर कारण मायेने विचारा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. येत्या चैत्रात एकवीरेच्या पायऱ्या तिने निःशंक मनाने चढाव्यात, एवढीच आमची प्रार्थना आहे.